सांधलेल्या ओळी

सुचेता माईणकरने आयुष्यात एकच फाइल मूळ प्रत न ठेवता साफ केली, आणि ती नेमकी नवऱ्याची होती.

एरवी या बाबतीत ती भलतीच काटेकोर होती. सांगलीच्या ग्रंथ-अंकन केंद्रात तिने एकवीस वर्षं काढली. जुनी पुस्तकं स्कॅन होऊन यायची, यंत्र त्यातली अक्षरं ओळखून फाइल तयार करायचं, आणि मग खरी डोकेदुखी सुरू व्हायची. छापील पानाला एक रुंदी असते. ओळ कडेला पोचली की खाली उतरते, आणि यंत्र बिचारं प्रामाणिकपणे तिथे एक न दिसणारी खूण ठेवतं, की इथे ओळ संपली. कागदावर त्याचं काही बिघडत नाही. पण तोच मजकूर ई-रीडरच्या अरुंद पडद्यावर घेतला की एक ओळ भरलेली, पुढची दोन शब्दांची, मग पुन्हा भरलेली, पुन्हा दोन शब्द. वाचणारा दोन पानांत वैतागतो. त्या नको असलेल्या खुणा काढून वाक्यं पुन्हा सलग करायची, हे सुचेताचं काम. मदतीला 'सांधणी' नावाचा प्रोग्राम होता. कुठली ओळ लेखकाने मुद्दाम तोडली आणि कुठली नुसती कागद संपला म्हणून तुटली, हे तो शब्दांच्या ओघावरून ताडायचा. तरी मधूनच एखादी अख्खी कविता जोडून तिचा निबंध करून ठेवायचा, म्हणून माणूस लागायचाच.

केंद्रात नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी दम द्यायची. "साफ करायच्या आधी मूळ फाइल बाजूला ठेवायची. जोडलेलं परत तोडता येत नाही. कुठे तुटलं होतं ते नंतर ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही." लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हे असं.

तिचा नवरा विद्याधर मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारायचा. धिप्पाड माणूस, आवाज असा की तीन गाळे पलीकडचा अडत्या मान वळवायचा. गाव, पोत, ओलावा, भाव, एका दमात. घरीही तेच. बोलायला लागला की मध्ये शिरायला फट मिळायची नाही. "अरे, श्वास तरी घे," सुचेता म्हणायची. "श्वास घेतला की गिऱ्हाईक जातं," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

अशा माणसाला स्नायूंचा आजार व्हावा, याला काय म्हणायचं? मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात, तो आजार. आधी हातातलं पुकाऱ्याचं रजिस्टर पडायला लागलं, मग पाय अडखळू लागले आणि शेवटी आवाज गेला. आवाज गेल्यावर हॉस्पिटलने त्याला कंठपट्टी दिली. गळ्याला चिकटवायची पातळ पट्टी. माणूस मनाशी बोलतो तेव्हाही गळ्याच्या स्नायूंत बारीकसा विद्युतप्रवाह खेळतो, तो ओळखून ती शब्द पडद्यावर लिहायची. आणखी एक करायची ती. बोलणाऱ्याने श्वास घेतला की ओळ तोडून खाली उतरायची, म्हणजे समोरच्याला कळावं, की बोलणं संपलेलं नाही, माणूस श्वास घेतोय, थांबा.

चौदा महिने विद्याधर त्या पट्टीवर बोलला. रोजचीच बडबड. आमटीत मीठ कमी आहे, पंखा एकवर कर, शेजारचा लेले पुन्हा गाडी आपल्या जागेत लावतोय. पुण्यात शाळेत शिकवणाऱ्या लेकीला, ऋजुताला, निरोप. सगळं तारीखवार एका फाइलीत साठत गेलं.

तो गेल्यावर महिन्याभराने सुचेताने ती फाइल ई-रीडरवर उघडली. सुरुवातीला ओळीत दहा-दहा शब्द होते. पुढे सात. मग चार. मग एकेक शब्द खाली घरंगळत गेलेला. पान खाली सरकवावं तसतसा माणूस विझत जात होता. तिने पट्टीवरची फाइल उतरवून घेतलेलीच होती, पट्टी हॉस्पिटलला परत गेली होती, पुढच्या रुग्णासाठी पुसूनही झाली होती. तिच्याकडची ही एवढीच प्रत. तिने त्यावर सांधणी चालवली. सत्तर सेकंद लागले. नव्या फाइलीत विद्याधर पुन्हा विद्याधरसारखा बोलत होता, एका दमात, फट न ठेवता. ती कितीतरी दिवसांनी हसली, आणि मग जुनी फाइल तिने पुसून टाकली. ते तुटके शब्द घरात नकोत, एवढंच त्या वेळी तिच्या मनात होतं.

सहा वर्षं ती ते सलग पान वाचत आली. दुपारी जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं. इतरांच्या घरी फोटोला हार असतो, तिच्याकडे हे होतं.

आणि या वर्षी ऋजुताच्या हातातून खडू पडायला लागला.

तपासण्या मिरजेला झाल्या. डॉक्टर तांबोळी तरुण होती, ऋजुताच्याच वयाची, आणि तिला गोड बोलून वेळ काढायची सवय नव्हती. तिने दोघींना समोर बसवलं आणि कागदावर दोन रेघा काढल्या. एक हळूहळू उतरणारी, दुसरी कड्यावरून पडल्यासारखी.

"दोष एकाच जनुकात आहे, तुमच्या मिस्टरांकडून आलेला. पण त्याच दोषाने आजार दोन तऱ्हांनी चालतो, संथ आणि जलद. घराण्यात एकदा जी तऱ्हा असते तीच पुढे उतरते. ती का, ते आम्हाला अजून माहीत नाही, आणि रक्तावरून किंवा माणूस किती वर्षांत गेला यावरून ती अजून तरी कळत नाही. गेलेल्या व्यक्तीचा श्वास शेवटच्या सहा महिन्यांत कसा उतरला, त्याची रेषा मिळाली तरच कळतं."

"आणि कळून उपयोग?" ऋजुताने विचारलं.

"दोन्हींना औषध आहे आता. बाबांच्या वेळी नव्हतं. संथ असेल तर महिन्याला एक इंजेक्शन. पंचवीस वर्षं शिकवाल तुम्ही. जलद असेल तर त्या इंजेक्शनने काही होत नाही, तीन वर्षं, फार तर चार. त्याला मानेच्या मणक्यात पंप बसवून कडक औषध सोडावं लागतं. ते आजार थांबवतं. हात, पाय, श्वास, सगळं राहतं. पण गळ्याच्या नसा त्या औषधापुढे टिकत नाहीत. आवाज जातो, कायमचा. कंठपट्टीसुद्धा चालत नाही मग, कारण वाचायला खाली काही उरतच नाही."

"मग कडकच देऊन टाका की," सुचेता म्हणाली. "जिवापेक्षा आवाज मोठा आहे का?"

"संथ असला तर, काकू? एका शिक्षिकेचा आवाज मी उगीच घालवू?" डॉक्टर म्हणाली. मग तिचा चेहरा जरा उजळला. "पण तुमच्या मिस्टरांना कंठपट्टी होती ना? दर श्वासाला ओळ तुटते त्यात. एका ओळीत किती शब्द, हे मोजलं की रेषा आपोआप निघते. फाइल असेलच तुमच्याकडे."

"आहे," सुचेता मोठ्या उत्साहाने म्हणाली. "अगदी नीट ठेवलीय."

तिने घरी जाऊन ती पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"काकू, ही फाइल कुणी साफ केलीय का?"

सुचेता कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी होती. त्या प्रश्नाबरोबर तिला सगळं एकदम कळलं आणि तिने गॅस बंद केला. एकवीस वर्षं दुसऱ्यांना दिलेला दम तिला स्वतःच्या आवाजात ऐकू येत होता. तिने होय म्हटलं. कुणी केली हेही सांगितलं. पलीकडे डॉक्टर रागावली नाही, आणि ते जास्तच लागलं.

"एक मार्ग आहे," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही रोज त्यांच्या शेजारी होतात. शेवटच्या सहा महिन्यांतले सहा उतारे घ्या, दर महिन्याचा एक. वाक्य समोर ठेवा, आणि ते जिथे जिथे थांबले तिथे तुम्ही ओळ तोडा. ढोबळ विचारलं तर घरची माणसं मायेने चार शब्द वाढवूनच सांगतात. पण एकेक वाक्य पुढे असलं की बहुतेकांचा हात बरोबर जागी थांबतो. आम्ही तशा रेषा वापरतो. फक्त खरं लिहा."

ऋजुता महिन्याची रजा टाकून सांगलीला आली होती. तिला हे सांगणं सुचेताला त्या फोनपेक्षाही जड गेलं. ऋजुताने सगळं ऐकून घेतलं, डाव्या हाताने उजवा पंजा चोळत.

"म्हणजे बाबाचं एवढंच उरलं होतं, आणि ते तू इस्त्री करून ठेवलंस."

"हो," सुचेता म्हणाली.

"बस मग. करू या."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पहिले उतारे सोपे गेले. त्या काळात विद्याधर अजून दमदार होता, ओळी आठ-आठ शब्दांच्या. लेलेच्या गाडीवरचं एक लांबलचक व्याख्यान सुचेताने तीन ठिकाणी तोडलं आणि दोघी हसल्यासुद्धा. चौथ्या महिन्याला ती थबकू लागली. वाक्य समोर होतं, पण तिच्या डोक्यात ते सलगच वाजत होतं. सहा वर्षं रोज दुपारी तिने ते तसंच वाचलं होतं. फाइल पुसली तेव्हा आठवण तरी शाबूत होती, ती तिने नंतर आपल्या हाताने, रोज थोडी थोडी पुसली. हे ध्यानात आलं तेव्हा तिला भीती वाटली.

आणि दुसरीही एक गोष्ट होती, ती तिने कुणाला सांगितली नसती. तोडण्यासाठी एंटरवर बोट गेलं की तिला लेकीचा गळा दिसायचा. ओळ जितकी आखूड, तितका तो आवाज जाणार. ऋजुता शेजारी बसून बोलत होती, वर्गातल्या गमती सांगत होती, आणि सुचेता चार शब्दांवर तोडायची ओळ सहावर तोडत होती. मुद्दाम? तिला विचारलं असतं तर तिने देवाशपथ नाही सांगितलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

शेवटचा उतारा ऋजुतालाच आलेला निरोप होता. विद्याधर जायच्या चार दिवस आधीचा, शुक्रवारचा. 'ऋजू, या रविवारी येऊ नकोस, तुझं पेपर तपासणं आटप, मी काही कुठे जात नाही.'

हे वाक्य सुचेताने सहा वर्षांत किती जणांना दाखवलं असेल! बघा, शेवटपर्यंत किती ठणठणीत होता, कसा ऐटीत बोलायचा. ती 'नकोस'पाशी थांबली, एंटर दाबलं. मग 'आटप'पाशी. वाक्याच्या तीन ओळी झाल्या. तिने लॅपटॉप लेकीकडे वळवला.

"झालं. पाठवू?"

ऋजुताने वाचलं. मग पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या.

"आई, या तीन नव्हत्या."

"अगं, मी शेजारी होते त्याच्या."

"तू शेजारी होतीस. पण निरोप मला येत होता. ओळ तुटली की माझ्या फोनवर नवा निरोप पडायचा." तिचा आवाज खाली आला. "मी पर्यवेक्षणावर होते. परीक्षा चालू, सगळा वर्ग चिडीचूप, आणि माझा फोन वाजतोय. एकदा, दोनदा, तीनदा. मुलं हसायला लागली. मी मोजत होते रागारागाने. नऊ वेळा वाजला तो. मी वैतागून बंद केला, आई. बाबाचा आहे हे दिसत होतं मला, तरी बंद केला."

सुचेताने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"संध्याकाळी उघडला. शब्द शब्द तुटलेले. वाचून मला कळायला हवं होतं ना, की हा माणूस आता जातोय? पण त्याने येऊ नकोस म्हटलं होतं, आणि माझे शंभर पेपर राहिले होते. मी नाही आले. नंतर तू मला ते वाक्य दाखवलंस, असं छान सलग. मला इतकं बरं वाटलं, आई. म्हटलं, खरंच ठणठणीत होता, माझी काही चूक नाही. मी पुन्हा कधी विचारलंच नाही. फोन बदलला तेव्हा ते निरोप मीही जाऊ दिले."

सहा वर्षं दोघींनी एकाच वाक्याच्या आड तोंड लपवलं होतं आणि एकमेकींना पत्ता नव्हता.

"नऊ, आई," ऋजुता म्हणाली. "तू बाबाला परत बरं करतेयस. नको करूस."

"मी नऊ केल्या तर काय होईल, कळतंय ना तुला?" सुचेताचा बांध फुटला. "तुझा आवाज जाईल गं. मी माझ्या हाताने कसा घालवू?"

"आणि तीन केल्यास तर मी जाईन. तोड."

सुचेताने डोळे मिटले. वाक्याकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं. तिने तो शुक्रवार आठवला. ती पलंगाच्या डाव्या बाजूला बसली होती, तळहात त्याच्या छातीवर, कारण छाती वर येते की नाही हे नुसतं बघून कळेनासं झालं होतं. पडद्यावर शब्द उमटला की छाती खाली जायची आणि मग तिथेच राहायची. ती वाट बघायची. पुन्हा वर आली की पुढचा शब्द. तिच्या मेंदूने सलग केलेलं ते वाक्य तिच्या तळहाताला कधीच सलग वाटलं नव्हतं. तिने आधीच्या तीन ओळी खोडल्या आणि न बघता ते वाक्य नव्याने टाइप करत, छाती थांबायची तिथे एंटर दाबत गेली.

ऋजू
या रविवारी
येऊ नकोस
तुझं पेपर
तपासणं
आटप
मी काही
कुठे
जात नाही

डोळे उघडून तिने मोजल्या. नऊ होत्या. तेवढं एक वाक्य लिहायला त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागली होती, आणि लिहून झाल्यावर त्याने डोळ्यांनी पडद्याकडे खूण केली होती, गेला का निरोप म्हणून. गेला, तिने सांगितलं होतं. हे सगळं तिला आत्ता आठवलं. ती हमसून हमसून रडली. सहा वर्षांपूर्वी रडायचं राहून गेलं होतं ते सगळं रडली, आणि ऋजुता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तो पंजा आता नीट उघडतही नव्हता.

मग दोघींनी चौथा आणि पाचवा उतारा पुन्हा घेतला. आता हात चुकला नाही. दुपारी साडेबाराला सुचेताने फाइल पाठवली, आणि पाठवण्यापूर्वी तिची एक प्रत बाजूला ठेवली.

डॉक्टर तांबोळीचं उत्तर तासाभरात आलं. रेषा जोडलेली होती. ती बघायलासुद्धा नको होती, उतार कसा असणार हे सुचेताला टेबलावरच कळलं होतं. खाली दोन ओळी होत्या. पंपाची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी करता येईल, आणि आवाज त्यानंतर तीन-चार आठवडे टिकेल.

ऋजुता ताटं घेत होती. "काय आलं?"

कुठलीही वाईट बातमी सुचेताने आजवर सरळ सांगितली नव्हती. ती आधी पाण्याचा पेला पुढे करायची, मग इकडचं तिकडचं बोलायची, खाचखळगे भरून घ्यायची आणि मग सांगायची. आत्ताही जिभेवर चार वाक्यं येऊन उभी राहिली. ती तिने गिळली.

"जलद," ती म्हणाली.

ऋजुता हातातलं ताट धरून उभी राहिली. मग तिने ते टेबलावर ठेवलं, दोन वाट्या ठेवल्या, आणि खुर्ची ओढून बसली.

"बरं," ती म्हणाली. "वाढ. आणि ऐक, त्या आमच्या मुख्याध्यापिकेची गंमत सांगायची राहिलीच तुला."

ती बोलायला लागली. मुख्याध्यापिका, मग शाळेतला तुटका माइक, मग लहानपणी बाबाबरोबर यार्डात गेली होती तेव्हा हळदीच्या राशीवर बसून पिवळी झालेली चड्डी, मग पुण्यातला भाजीवाला. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, फट न ठेवता, थेट बापासारखं. वरण गार झालं. उन्हं खिडकीतून सरकत भिंतीवर गेली. सुचेता हनुवटीला हात लावून बसली होती, आणि संध्याकाळचे सात वाजेपर्यंत तिने लेकीला मध्ये एकदाही अडवलं नाही.